लायसन्स वजन बघून द्या

छोट्या मालवाहू गाड्यांच्या लायसन्सवरून गेली काही वर्षं जो वाद चालला आहे, तो ऐकताना असं वाटतं की दोन्ही बाजूंनी मुद्दा सोडून बोलायचं ठरवलंय. टेम्पोमालक म्हणतात, साडेसात टनांपर्यंतच्या मालगाडीला कारचं लायसन्स पुरेसं आहे असं सांगून सर्वोच्च न्यायालयाने आमच्या डोक्यावरची टांगती तलवार काढली, आता या विषयाला कुणी पुन्हा हात लावू नका. समोरून रस्ता सुरक्षेची काळजी करणारी मंडळी आणि विमा कंपन्यांचे वकील म्हणतात, कारचं लायसन्स खिशात घालून कुणीही मालाची गाडी रस्त्यावर आणणार असेल तर अनर्थ होईल, जुना 'टी.आर.'चा, म्हणजे मालाची किंवा भाड्याची गाडी चालवायला लायसन्सवर लागणारा 'ट्रान्सपोर्ट'चा जादा शिक्का परत आणा. माझं मत या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. तो शिक्का गेला हे योग्यच झालं, कारण तो भलतीच गोष्ट मोजत होता. पण त्याच्या जागी काहीच आलं नाही, हे घातक आहे. लायसन्सची पायरी पाटीच्या रंगावरून ठरू नये, गाडी पोटापाण्यासाठी चालते की हौसेसाठी यावरूनही ठरू नये. गाडी भरली की तिचं वजन किती होतं यावरून ती ठरावी, आणि ती साडेसात टनांच्या बरीच अलीकडे, साडेतीन टनांवर यावी.

आधी कायदा काय म्हणत होता ते पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाची, म्हणजे एल.एम.व्ही.ची जी व्याख्या आहे, तिच्यात साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडीही बसते. त्याच कायद्याचं तिसरं कलम मात्र सांगतं की ट्रान्सपोर्ट वाहन चालवायचं तर लायसन्सवर तसा स्पष्ट उल्लेख हवा. १९९४ साली दुरुस्ती झाली, तेव्हा मध्यम आणि जड गाड्यांचे चार वेगवेगळे वर्ग काढून त्यांच्या जागी 'ट्रान्सपोर्ट व्हेइकल' हा एकच शब्द घातला गेला. मग छोटा टेम्पो कुठे बसवायचा? हलक्यात की ट्रान्सपोर्टमध्ये? आरटीओने सोपा मार्ग धरला आणि दोन्हींत बसवला : आधी एल.एम.व्ही. काढा, वर्षभर थांबा, मग टी.आर. काढा. २०१७ साली मुकुंद देवांगन खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की हलक्या गाडीसाठी वेगळ्या शिक्क्याची गरज नाही. केंद्राने २०१८ मध्ये राज्यांना तसं कळवलंही. विमा कंपन्यांना ते पटलं नाही, प्रकरण मोठ्या पीठाकडे गेलं, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच पुन्हा ठामपणे सांगितलं. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू किंवा प्रवासी गाडीला एल.एम.व्ही. लायसन्स पुरेसं आहे. जादा अटी त्यावरच्या गाड्यांना. ई-रिक्षा आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्या यांच्या खास अटी तेवढ्या कायम राहिल्या.

हा निकाल छोट्या धंदेवाल्यांना इतका का भावला, हे समजून घेतल्याशिवाय त्यांच्यावर बेफिकिरीचा आरोप करणं अन्यायाचं होईल. एखाद्या मंडपवाल्याचं उदाहरण घ्या. एक ४०७ टेम्पो, दोन माणसं, लग्नसराईत रात्री-अपरात्री पाइप, पडदे आणि खुर्च्यांच्या खेपा. गाडी चालवणारा दहा-बारा वर्षं तीच गाडी चालवतोय. लायसन्स खरं आहे, मुदतीत आहे, त्याच्यावर फक्त टी.आर. नाही. एका रात्री अपघात होतो, दुचाकीवरचा माणूस दगावतो. दावा न्यायाधिकरणापुढे जातो. विम्याचा हप्ता दरवर्षी वेळेवर भरलेला असतो, तरी विमा कंपनी म्हणते की चालकाचं लायसन्स या गाडीला लागू नव्हतं, पॉलिसीची अट मोडली, आम्ही जबाबदार नाही. न्यायाधिकरण मृताच्या कुटुंबाला वाऱ्यावर सोडू शकत नाही, म्हणून आदेश निघतो : कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी. आता ती दहा-पंधरा लाखांची रक्कम हा मंडपवाला कुठून आणणार? गाडी विकून, घर गहाण टाकून. लायसन्समधला दोष अपघाताला कारणीभूत होता का, हे पाहायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या स्वर्ण सिंग खटल्यात सांगून ठेवलं होतं. तरीही पुढची वीस वर्षं एका शिक्क्यावरून हे दावे लढवले गेले. शिक्का असता तर ती दुचाकी त्या रात्री वाचली असती, असं कुणी छातीठोकपणे सांगू शकेल का?

नाही सांगू शकणार, कारण शिक्का कौशल्य मोजतच नव्हता. भरलेला छोटा हत्ती जेमतेम दीड-पावणेदोन टनांचा होतो. रिकामी फॉर्च्युनर दोन टनांच्या वर जाते. पण जुन्या पद्धतीत छोटा हत्ती चालवणाऱ्या भाजीवाल्याला जादा लायसन्स, जादा वैद्यकीय दाखला, दर काही वर्षांनी नूतनीकरण. आणि फॉर्च्युनरवाल्याला यातलं काही नाही. पांढऱ्या पाटीची एर्टिगा घरच्या सात माणसांना घेऊन महाबळेश्वरला निघाली तर साधं लायसन्स चालत होतं. तीच एर्टिगा, तेच ब्रेक, तेवढीच माणसं, पण पाटी पिवळी असेल तर चालत नव्हतं. हा भेद फार जुना आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात लिहिलं होतं की पगारी नोकर म्हणून गाडी चालवणाऱ्याच्या लायसन्सवर तशी खास नोंद हवी. म्हणजे साहेब स्वतः गाडी चालवतो तेव्हा एक लायसन्स, त्याच गाडीवर पगारी ड्रायव्हर बसला की दुसरं. रस्त्याला याने काय फरक पडतो? १९८८ च्या कायद्याने 'पगारी नोकर' हे शब्द गाळले, पण त्यामागची वृत्ती ट्रान्सपोर्टच्या शिक्क्यात शिल्लक राहिली. जो कष्ट करून पोट भरतो त्याच्यावर संशय आधी घ्यायचा, ही ती वृत्ती. घटनापीठाने तिला पूर्णविराम दिला याचा मला मनापासून आनंद आहे.

तरीही शिक्क्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा वजनदार आहे आणि टेम्पोमालक तो टाळतात. टी.आर. सोबत काही चांगल्या गोष्टीही येत होत्या. वय किमान वीस. एल.एम.व्ही.चा एक वर्षाचा अनुभव. ड्रायव्हिंग स्कूलचा दाखला. आधी दर तीन वर्षांनी आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, त्यानिमित्ताने डोळे आणि प्रकृती तपासणं. आता काय होतं? तिशीच्या आत साधं लायसन्स काढलं तर ते वयाच्या चाळिशीपर्यंत चालतं. म्हणजे अठराव्या वर्षी काढलं की बावीस वर्षं त्याच्या डोळ्यांसमोर कुणी तक्ताही धरणार नाही, आणि तो रोज रात्री नाशिकहून वाशीला भाजी घेऊन जाईल. हा तोटा खरा आहे. दिवसाला दहा-बारा तास गाडीवर असणाऱ्याकडून रविवारी कार काढणाऱ्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवण्यात गैर काही नाही. फक्त एक प्रश्न विचारायला हवा : या अपेक्षा टी.आर.ने कितपत पूर्ण केल्या? दाखला कुठल्या ड्रायव्हिंग स्कूलमधून किती रुपयांत येतो, हे आरटीओच्या फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आणि गाडीवरची परीक्षा? बहुतेक ठिकाणी तीच, तेच मैदान, रिकामी गाडी, चार गिअर, एक रिव्हर्स. भरलेली गाडी कशी वागते, हे टी.आर. देतानाही कुणी विचारलं नाही.

माझ्या लेखी सगळा प्रश्न इथे येऊन ठेपतो. ड्रायव्हिंग स्कूलची छोटी कार साधारण पाऊण टनाची असते. तिच्यावर शिकून, तिच्यावरच परीक्षा देऊन मिळालेल्या लायसन्सवर आज एखादा तरुण ७,४९० किलोची गाडी चालवू शकतो. अशी मॉडेलं बाजारात आहेत, साडेसातच्या अगदी काठावर बसवलेली. म्हणजे शिकला त्याच्या दहापट वजन. ब्रेकला जी उष्णता पचवावी लागते ती वजनाच्या प्रमाणात वाढते, ही शाळेतली गोष्ट आहे. पण उतारावर ती पायाला कळायला लागते तेव्हा उशीर झालेला असतो. पाण्याच्या टँकरचं बघा. उन्हाळ्यात शहरांच्या कडेला नव्या सोसायट्यांना पाणी पुरवणारे चार हजार लिटरचे टँकर याच वजनात येतात. टँकर काठोकाठ भरलेला असला तर एक वेळ बरा. अर्धा रिकामा करून निघाला की आतलं पाणी हलायला लागतं. ब्रेक मारला की गाडी थांबते, पाणी थांबत नाही. ते पुढच्या पत्र्यावर आदळतं आणि थांबत आलेली गाडी पुन्हा हातभर पुढे ढकलतं. वळणावर तेच पाणी बाहेरच्या अंगाला चढतं. आत आडवे पत्रे नसतील तर आणखीच. जुना ड्रायव्हर चौकाच्या आधीच गाडी खालच्या गिअरवर आणतो, ब्रेक एकदम दाबत नाही, थोडा थोडा देतो. हे त्याला कुणी शिकवलं? क्लीनर म्हणून चार वर्षं डाव्या बाजूला बसून तो ते शिकला. मात्र क्लीनर ठेवण्याची पद्धत छोट्या गाड्यांवरून जवळपास गेलीच आहे. एक माणूस, एक मोबाइल आणि ॲपवर आलेली ऑर्डर. मग शिकणार कुठे?

साडेसात टनांची रेघ किती आंधळी आहे, हे पाहायचं तर पश्चिम महाराष्ट्रात गळीत हंगामात संध्याकाळी रस्त्यावर उभं राहावं. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर रचलेला पंधरा-वीस टन ऊस. कायद्याच्या भाषेत हे हलकं वाहन. कारण व्याख्येत ट्रान्सपोर्ट गाडीसाठी भरलेलं वजन धरलंय, पण ट्रॅक्टरसाठी रिकामं, आणि रिकामा ट्रॅक्टर दोन-अडीच टनांच्या पुढे जात नाही. ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचं लायसन्स निकामी होत नाही, असा निकाल २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. भरपाईच्या दाव्यापुरता तो शेतकऱ्याला आधार देणारा होता, आणि त्या दृष्टीने बरोबरही. पण त्यातून रस्त्यावर काय उभं राहिलं? अंधारात, मागचे दिवे उसाच्या वाढ्यांनी झाकलेले, चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं जातंय, उतारावर दोन ट्रॉल्या मागून रेटतायत, आणि हे सगळं सांभाळणारा कधीतरी छोट्या गाडीवर परीक्षा दिलेला विशीतला मुलगा. ऊसतोडीच्या हंगामात तो रात्र-रात्र कारखान्याच्या वजनकाट्याच्या रांगेत असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हातात काय दिलंय याचा हिशेब कायद्याने ठेवला नाही, हा दोष कायद्याचा आहे.

इतर देशांनी हा हिशेब कसा ठेवला? ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पूर्वी कारचं लायसन्स काढणाऱ्याला थेट साडेसात टनांपर्यंतचा ट्रक चालवता येत असे, आकडाही आपल्यासारखाच. युरोपीय नियमांशी जुळवून घेताना त्यांनी ही मर्यादा साडेतीन टनांवर आणली आणि साडेतीन ते साडेसात यासाठी वेगळा वर्ग व वेगळी परीक्षा ठेवली. जर्मनीत १९९९ पासून तसंच झालं. दोन्हीकडे ज्यांच्याकडे जुनं लायसन्स होतं त्यांचे हक्क काढून घेतले नाहीत. सुतार, बागकाम करणारे, फर्निचर हलवणारे असे छोटे धंदेवाले तिथेही होते, आणि ते बुडाले नाहीत. अमेरिकेचा मार्ग वेगळा. तिथे १९८६ पर्यंत काही राज्यांत कारच्या लायसन्सवर मोठा ट्रेलर ट्रक चालवता येत होता. एकाच माणसाकडे तीन-चार राज्यांची लायसन्सं असत आणि एका ठिकाणी दंड झाला की तो दुसरं दाखवी. १९८६ च्या कायद्याने ते बंद केलं. व्यावसायिक लायसन्सची रेघ त्यांनी २६,००१ पौंडांवर, म्हणजे पावणेबारा टनांच्या थोडी वर आखली. ही रेघ आपल्यापेक्षा सैल आहे आणि टेम्पोमालक तिचा दाखला देऊ शकतात. पण पुढचा भागही वाचायला हवा. राज्याची हद्द ओलांडून धंदा करणाऱ्या गाडीला वैद्यकीय दाखला आणि कामाच्या तासांचे नियम १०,००१ पौंडांपासून, म्हणजे साधारण साडेचार टनांपासूनच लागू होतात. चालवता येतं का, प्रकृती ठीक आहे का, झोप झाली आहे का हे तीन वेगळे प्रश्न आहेत, असं तो कायदा मानतो. आपण पहिले दोन एका शिक्क्यात कोंबले होते, आणि शिक्का गेल्यावर दोन्ही एकदम गेले.

साडेतीन टनांची रेघ ही परदेशातून उचललेली कल्पना आहे, असं कुणी म्हणेल. ती आपल्या नियमांत केव्हाचीच आहे. गाडी बनवणाऱ्या कंपनीला केंद्र सरकार साडेतीन टनांपर्यंतची मालगाडी एन-१ आणि त्यावर बारा टनांपर्यंतची एन-२ अशा दोन वर्गांत मोजायला लावतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या एन-२ आणि एन-३ गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालं, ते याच रेघेवरून. म्हणजे साडेतीन टनांच्या वरच्या गाडीत बसणाऱ्याचं काम वेगळं आहे, हे सरकारने केबिनपुरतं मान्य केलंय. मग त्याच्या प्रशिक्षणापुरतं मान्य करायला काय हरकत आहे?

आता छोट्या मालकाचे आक्षेप. पहिला खर्चाचा आणि खाड्याचा. ज्याच्याकडे एकच गाडी आणि एकच ड्रायव्हर आहे, त्याचा धंदा ड्रायव्हर दोन दिवस आरटीओत गेला की दोन दिवस बंद. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच ही परीक्षा एकदाच द्यायची असावी, दर पाच वर्षांनी नव्हे; ती तालुक्याच्या गावी आरटीओच्या कॅम्पमध्ये देता यावी; आणि मालकाच्याच गाडीवर, त्याच्याच मालासकट द्यायची मुभा असावी. साडेतीन टनांच्या आतले छोटे हत्ती आणि बहुतेक पिकअप यांना ती लागूच होणार नाही, हेही लक्षात घ्यावं. सगळ्यात छोटे धंदे याच गाड्यांवर चालतात. दुसरा आक्षेप ड्रायव्हर मिळत नाहीत हा. खरंच मिळत नाहीत. पण छोट्या मालकाशी पाच मिनिटं बोललं तरी कळतं की लायसन्सवाला माणूस मिळतो, ज्याच्या हातात गाडी देऊन रात्री झोप लागेल असा मिळत नाही. तुटलेले पाटे, जळलेल्या क्लचप्लेट, रिव्हर्स घेताना पाडलेल्या भिंती यांचं बिल तोच मालक भरतो. भरलेल्या गाडीवर परीक्षा दिलेला माणूस कोण, हे लायसन्सवरून कळलं तर पहिला फायदा त्याचाच आहे.

तिसरा आक्षेप सगळ्यात जड. लोक म्हणतात, परीक्षा म्हणजे एजंटच्या दरपत्रकात आणखी एक ओळ. जिथे साधा 'आठ' न काढता लायसन्स घरी येतं, तिथे भरलेल्या गाडीची परीक्षा कोण प्रामाणिकपणे घेणार? या आक्षेपाला उत्तर नसेल तर माझा सगळा मुद्दा कोसळतो. उत्तर आहे, पण त्यासाठी परीक्षा माणसाच्या नजरेवरून काढून यंत्राच्या नजरेवर न्यावी लागेल. पुण्यात चारचाकीची परीक्षा भोसरीजवळच्या चालक प्रशिक्षण संस्थेच्या ट्रॅकवर होऊ लागली. तिथे गाडी चढावर मागे सरकली तर ते नोंदलं जातं, आणि नापास होणाऱ्यांची तक्रार सुरू झाली तेव्हाच कळलं की परीक्षा खरी आहे. तो ट्रॅक एका शहरात चालतो, मग जिल्ह्याजिल्ह्यांत का चालू नये? भरलेल्या गाडीच्या परीक्षेत चारच गोष्टी बघायच्या : चढावर थांबून मागे न घसरता निघणं, उतार गिअरवर उतरणं, मागचं काही दिसत नसताना आरशांवर रिव्हर्स घेणं, आणि माल दोरीने नीट आवळणं. चारही गोष्टी कॅमेऱ्यात पकडता येतात. भ्रष्टाचार आहे म्हणून परीक्षाच नको, हे तर्कशास्त्र आपण वैद्यकीय शिक्षणाला लावत नाही, विजेच्या तारा जोडणाऱ्याच्या परवान्याला लावत नाही. मग साडेसात टनांच्या आसपास वजन घेऊन शाळेसमोरून जाणाऱ्या गाडीलाच ते का लावायचं?

न्यायालयात एक गोष्ट पुढे आली होती, तिचा उपयोग दोन्ही बाजू सोयीने करतात. एल.एम.व्ही. लायसन्सवर ट्रान्सपोर्ट गाडी चालवणाऱ्यांमुळे अपघात वाढले, असं दाखवणारी कोणतीही आकडेवारी कुणी सादर केली नाही, असं घटनापीठाने नोंदवलं. टेम्पोमालक याचा अर्थ 'धोका नाही' असा लावतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात चालकाकडे पक्कं लायसन्स होतं, लर्निंग होतं की नव्हतंच, एवढीच वर्गवारी मिळते. तो कोणत्या वजनाची गाडी कोणत्या वर्गाच्या लायसन्सवर चालवत होता, हे त्या तक्त्यात सापडत नाही. जे मोजलंच नाही ते आकड्यांत दिसणार कसं? पुरावा नाही म्हणून शिक्का लादू नका, हे न्यायालयाने बरोबर सांगितलं. पुरावा नाही म्हणून शोधूही नका, असं न्यायालयाने कुठेही म्हटलेलं नाही. अपघातांची नोंद आता ई-डार प्रणालीवर होते. तिच्यात गाडीचं भरलेलं वजन आणि लायसन्सचा वर्ग हे दोन रकाने सक्तीचे केले तर दोन वर्षांत या वादाला जमीन मिळेल.

शिक्का परत मागणाऱ्यांना माझा एक प्रतिप्रश्न आहे. पुण्याचा नवले पूल सगळ्यांना माहीत आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की लांबच लांब उतार, आणि त्याच्या टोकाला शहराची गर्दी. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री एका मोठ्या ट्रकने तिथे डझनावारी गाड्या चेपल्या. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर टाकली होती, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं. मोठ्या ट्रकला तर वेगळं लायसन्स, जादा अटी, सगळं आधीपासून लागतं. त्या सगळ्या व्यवस्थेत कुठल्या टप्प्यावर कुणी असं विचारलं की बाबा, एवढा लांब उतार तू कोणत्या गिअरवर उतरशील? परीक्षेत जे विचारलं जात नाही ते लायसन्सच्या नावाने रस्त्यावर उतरत नाही. शिक्का परत आणला आणि परीक्षा तशीच ठेवली, तर हाती फक्त शाई लागेल.

आणि लायसन्सने सगळं भागत नाही, हेही स्वच्छ सांगायला हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये खेड तालुक्यात कुंडेश्वराच्या दर्शनाला निघालेल्या महिलांनी भरलेला पिकअप चढावर मागे आला आणि खाली कोसळला. एका गावातल्या कितीतरी घरांतल्या बायका गेल्या. तो पिकअप माझ्या साडेतीन टनांच्या रेघेत येत नाही. तिथे प्रश्न गाडीत काय भरलं याचा होता, आणि ते बहुतेक वेळा एकटा ड्रायव्हर ठरवत नाही. मालक ठरवतो, माल भरणारा व्यापारी ठरवतो, गावात एसटी वेळेवर येत नाही ही परिस्थितीही ठरवते. जादा मालासाठी २०१९ पासून वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे, पण तो नाक्यावर सापडलेल्या गाडीकडून वसूल होतो. माल भरून देणारा गाळेवाला मोकळा. भरलेल्या मालाची पावती वजनासकट देणं त्याच्यावर का बांधलं जाऊ नये? कामाच्या तासांचंही तसंच. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा दिवसाला आठ तासांची मर्यादा सांगत होता, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांसाठी केलेला. एक गाडी आणि एक ड्रायव्हर असलेल्या ठिकाणी तास कोण मोजणार? इथे छोट्या मालकांच्या संघटनांनी स्वतः पुढे यायला हवं. 'आम्ही छोटे आहोत' हे लायसन्सच्या शिक्क्याविरुद्ध योग्य उत्तर होतं. ड्रायव्हरच्या झोपेविरुद्ध ते उत्तर होऊ शकत नाही.

घटनापीठापुढे केंद्राच्या वतीने सांगण्यात आलं होतं की कायद्यात दुरुस्तीचं काम जवळपास पूर्ण होत आलंय. त्या दुरुस्तीत चार गोष्टी याव्यात. हलक्या वाहनाची मर्यादा भरलेल्या वजनाने साडेतीन टन, आणि ट्रॅक्टरच्या बाबतीत ट्रॉलीसकट. साडेतीन ते साडेसात टनांसाठी भरलेल्या गाडीवर एकदाच परीक्षा. रोजीसाठी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाची, वजन कितीही असो, दर पाच वर्षांनी डोळ्यांची आणि रक्तदाबाची मोफत तपासणी, सरकारी रुग्णालयात, लायसन्सशी न जोडता. म्हणजे एखाद्याचा चष्म्याचा नंबर वाढला म्हणून त्याच्या विम्याचा दावा अडणार नाही. आणि आज जे या गाड्या चालवतायत त्यांचा हक्क ब्रिटनसारखा अबाधित, नवी अट फक्त यापुढे लायसन्स काढणाऱ्यांना. मंडपवाल्याचा बारा वर्षं ४०७ चालवणारा ड्रायव्हर तसाच चालवत राहील. त्याच्या हाताखाली येणाऱ्या पोराला मात्र गाडी भरून, चढावर थांबवून, पुन्हा काढून दाखवावी लागेल.